शेख दीन महंमद : पाटण्याहून कॉर्कला गेलेला माणूस

१८३४च्या २ नोव्हेंबरला ‘अ‍ॅटलास’ जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले, ही तारीख आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. त्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटन गावात, पाटण्याचे एक पंचाहत्तर वर्षांचे गृहस्थ वाफेच्या स्नानाचे आणि चंपीचे घर चालवत होते. खुद्द इंग्लंडचे राजे त्यांचे गिऱ्हाईक होते. त्यांचे नाव शेख दीन महंमद. हिंदुस्थान सोडून समुद्रापार गेलेल्या आणि तिकडेच मुळे धरलेल्या माणसांत ते आपल्या पूर्वजांचे पन्नास वर्षांनी थोरले.

स्मरणिकेत गिरमिटावर आलेल्यांच्याच कथा असाव्यात, हा गृहस्थ तर कुणाचा गिरमिटिया नव्हता, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण आपल्या पणजोबांनी कागदावर अंगठा उठवला आणि ते गप्प झाले. बोट सुटताना काय वाटले, देवाने आपल्याला या उसाच्या कोठीवर का आणून टाकले, मरण परक्या मातीत आले तर आत्म्याचे काय होईल, हे त्यांनी लिहून ठेवले नाही. त्यांना लिहिता येत नव्हते. दीन महंमदांना आले, आणि त्यांनी लिहिले. तेही आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात, १७९४ साली. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. त्यात मुसलमान माणूस जगण्याकडे आणि मरणाकडे कसा पाहतो यावर जी थोडी पाने आहेत, त्यांच्यासाठी हा लेख.

दीन महंमदांचा जन्म १७५९ सालचा, पाटण्याचा. मुर्शिदाबादच्या नवाबांच्या घराण्याशी आपले नाते असल्याचे ते सांगत. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होते. प्लासीची लढाई होऊन दोनच वर्षे झाली होती, आणि बिहारातल्या खानदानी पण पडत्या काळाच्या मुसलमान घरांपुढे कंपनीची चाकरी हीच वाट उरली होती. १७६९मध्ये महसूल वसुलीच्या कामगिरीवर असताना वडील चकमकीत मारले गेले. लगेच बंगाल-बिहारवर तो भयंकर दुष्काळ आला, ज्यात लाखो माणसे मेली. वडिलांची जागा थोरल्या भावाला मिळाली. धाकटा आईजवळ राहिला.

फार दिवस राहिला नाही. पाटण्याचे राजे शिताबराय यांच्या वाड्यात गोरे अंमलदार टेनिस खेळायला जमत. हा पोरगा ते पाहायला जाई. तिथे गॉडफ्री इव्हान बेकर नावाच्या तरुण आयरिश अंमलदाराची त्याच्यावर नजर पडली. माझ्याबरोबर येतोस का, असे त्याने विचारले आणि पोरगा तयार झाला. वय अकरा. आई छावणीत आली, रडली, त्याला परत न्यायला धडपडली. पोरगा हलला नाही. नवरा गेलेल्या बाईचा धाकटा मुलगा लाल डगल्यांच्या नादी लागून गेला, एवढीच ती गोष्ट. पण पुढे चोवीस वर्षांनी, कॉर्कमध्ये बसून, त्यांनी आईचे ते दुःख लपवले नाही. लढायांची वर्णने त्या काळच्या कित्येक गोऱ्यांनी केली आहेत. आईला रडवून गेल्याची टोचणी मात्र त्यांच्याच पुस्तकात आहे.

पुढची बारा-तेरा वर्षे फौजेबरोबर फिरण्यात गेली. आधी नुसता बेकरच्या तंबूतला पोर, मग फौजेच्या बाजाराची व्यवस्था, मग जमादार, मग सुभेदार. मुंगेर, कलकत्ता, ढाका, अलाहाबाद त्यांनी पाहिले. १७८१ साली काशीच्या राजा चेतसिंगाविरुद्धच्या मोहिमेत ते होते. त्याच वर्षांत कंपनीची मराठ्यांशीही लढाई चालू होती, म्हणजे आपल्या वाचकांपैकी कुणाचा खापरपणजोबा त्यांच्या समोरच्या बाजूला उभा असायचा. असो. १७८२मध्ये बेकरने फौज सोडली, दीन महंमदांनीही राजीनामा दिला. १७८४च्या आरंभी दोघे ‘क्रिश्चियन्सबोर्ग’ या डॅनिश जहाजावर चढले. मद्रास, सेंट हेलेना करत सप्टेंबरात इंग्लंडच्या डार्टमथ बंदरात उतरले आणि तिथून बेकरच्या गावी, आयर्लंडच्या कॉर्कला गेले.

कॉर्क तेव्हा मोठे बंदर. खारवलेले गोमांस आणि लोण्याची पिंपे तिथून जगभर जात. आपल्याला हे समजणे सोपे आहे, कारण आपलीही बेटे एका मालावर उभी राहिली, फक्त तो माल साखर होता. शॅंडनच्या चर्चची घंटा वाजे, पण बांग ऐकू येण्यासारखी मशीद त्या देशात कुठेच नव्हती. शुक्रवारच्या नमाजाला रांग लावावी तर शेजारी उभा राहायला माणूस नाही. पंचविशीतला हा तरुण शाळेत जाऊन इंग्रजी शिकला आणि बेकर कुटुंबाच्या आश्रयाने राहिला. मग जेन डेली या कॉर्कच्या मुलीवर त्याचे मन बसले. घरच्यांचा विरोध होणार हे दिसत होते, तेव्हा दोघे पळून गेले, १७८६ साली लग्न केले आणि पुन्हा कॉर्कला येऊन संसार मांडला.

लग्नाबरोबर धर्मही बदलला. ते तिथल्या राजमान्य प्रॉटेस्टंट चर्चचे झाले. त्या काळच्या आयर्लंडमध्ये कॅथलिक बहुसंख्य असूनही कायद्याने दाबलेले होते. सरकारी चर्चबाहेरच्या माणसाला लग्न, मालमत्ता, नोकरी सगळीकडे आडकाठी होती. अशा देशात परक्या धर्माच्या, परक्या रंगाच्या माणसाने लग्न कुठल्या वेदीपुढे लावावे, याला फारशी निवड नव्हती. मुलांची नावे पुढे हेन्री, होरेशियो, फ्रेडरिक, आर्थर अशी पडली.

आपल्यापैकी ज्यांच्या घरात एखादी शाखा कोठीवरच्या पाद्र्याकडून पाणी शिंपून घेऊन वेगळी झाली, त्यांना हे नवे नाही. घरात त्या शाखेचे नाव काढायचे नाही, असा दंडकही कित्येक ठिकाणी होता.

पण स्वतःचे नाव त्यांनी बदलले नाही. कॉर्कच्या पुस्तकावर ते तसेच आहे. या नावाची गंमत पाहा. अरबीत दीन म्हणजे धर्म, माणसाने ईश्वरापुढे पत्करलेली सगळी जीवनरीत. मराठीत दीन म्हणजे गरीब, नम्र. आणि इंग्रजी कानाला ‘डीन’ म्हणजे मोठ्या चर्चचा मुख्य धर्माधिकारी. कॉर्कमध्ये खरोखरचा तसा एक अधिकारी होताच. एकाच शब्दात तीन देश, आणि हा माणूस तिन्हींत उभा.

१७९४ साली दोन भागांत त्यांचे प्रवासवर्णन निघाले. एका मित्राला लिहिलेली अडतीस पत्रे, अशी त्याची मांडणी आहे. ती त्या काळची इंग्रजी रूढी. आधी वर्गणीदार मिळवायचे, मग छापायचे, अशी पद्धत होती, आणि आयर्लंडातल्या तीनशेहून अधिक लोकांनी या हिंदी माणसावर विश्वास ठेवून पैसे भरले. काही वर्णने त्यांनी गोऱ्या प्रवाशांच्या पुस्तकांतून उचलली आहेत, हेही अभ्यासकांनी दाखवले आहे. मला त्यात फार मोठा गुन्हा दिसत नाही; त्या काळी पुष्कळ लेखक तसे करत. शिवाय जिथे ते आपल्या लोकांच्या घरात शिरतात, सुंता, लग्न, मयत यांच्याविषयी लिहितात, तिथली माहिती लहानपणी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची आहे.

ते काय सांगतात? मुसलमान दारूपासून दूर राहतो, खाण्यात मोजका असतो, म्हणून त्याला आजार कमी. आजार आलाच तर तो शांतपणे सोसतो, आधी घरचे औषध करतो. ते लागू पडले नाही तर मौलवीला बोलावतात. आणि मरण समोर आले की तो विलक्षण धीराने त्याला सामोरा जातो, कारण त्याच्या लेखी देह हे बंदिवासाचे ठिकाण आहे आणि मरण म्हणजे सुटका, वरच्या आनंदाच्या घराकडे जाणारी मोकळी वाट. आत्मा देहाला चिकटून बसायला धडपडत नाही, सुटकेची घडी आली की तिचे स्वागत करतो. हे सांगताना त्यांच्या लिहिण्यात कुठे संकोच नाही, कुचेष्टा नाही, आपण आता त्यातले नाही असे वाचकाला बजावण्याची घाई नाही. चर्चमध्ये जाणारा, ख्रिस्ती बायकोचा नवरा, ख्रिस्ती वर्गणीदारांसाठी लिहिताना बापाच्या धर्माची बाजू मान वर करून मांडतो. ज्यांच्या पैशावर पुस्तक निघणार, त्यांना खूश करण्यासाठी उलटे लिहिणे किती सोपे होते!

यामागचा विचार थोडा उलगडून सांगायला हवा, कारण आपल्या वाचकांत बहुतेक जण गणपतीच्या आणि विठोबाच्या घरचे. इस्लाममध्ये जगण्याचा अर्थ शोधायला दूर जावे लागत नाही, तो तीन-चार शब्दांत साठवलेला आहे. एक शब्द अमानत. देह, मुले, पैसा, बुद्धी, काही आपले नाही, ठेव म्हणून दिलेले आहे, मागताच परत करायचे आणि मधल्या काळात नीट सांभाळायचे. दुसरा इम्तिहान. मरण आणि जीवन दोन्ही निर्माण केले ते कोणाची करणी चांगली ठरते हे पाहण्यासाठी, असे कुराणाचे सांगणे आहे. म्हणून दुःख आले तर देवाने टाकले असा अर्थ होत नाही आणि सुख आले तर देव आपल्या खिशात आहे असाही नाही. दोन्ही प्रश्नपत्रिकाच. तिसरा शब्द मुसाफिर. जगात परक्यासारखे किंवा वाटसरूसारखे राहावे, ही पैगंबरांची शिकवण मुसलमान घरात लहानपणापासून कानावर असते. आणि कुणी गेल्याची बातमी आली की आपण त्याचेच आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत, अशा अर्थाचे अरबी शब्द तोंडून आपोआप निघतात.

बिहारच्या मातीत हे विचार आणखी मुरलेले. पाटण्याजवळ मनेर आहे. तिथले चौदाव्या शतकातले सूफी शरफुद्दीन याह्या मनेरी यांनी शिष्याला लिहिलेली शंभर पत्रे प्रसिद्ध आहेत. माणूस कशासाठी जन्मला आणि त्याने मनाची मशागत कशी करावी, हाच त्यांचा विषय. मराठी माणसालाही हा सूर परका वाटू नये. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला तो मराठीत. जन्माने मुसलमान असलेल्या त्या संताला वारकऱ्यांनी आपले मानले. आजोबा आपल्या बैठकीत देह भाड्याचे घर आहे असे म्हणत, तेव्हा ते नकळत या दोन्ही शेखांच्या शेजारी बसलेले असत.

मुसाफिर हा शब्द दीन महंमदांच्या बाबतीत नुसता उपदेश राहिला नाही, ते रोजचे जगणे झाले. फौजेबरोबर मुक्काम दर मुक्काम, मग नऊ महिन्यांचा सागरप्रवास, मग परके शहर. रूढी गेली, मशीद गेली, पूर्वजांची कबर दूर राहिली. उरली ती एवढीच समज, की माणूस वाटेवर आहे आणि हाती आहे ती ठेव आहे. माझ्या मते याच समजुतीने त्यांना कॉर्कमध्ये तेवीस वर्षे तोलून धरले. नमाजाची चटई कुठे गेली हे विचारण्यापेक्षा मरणाविषयीची ती पाने त्यांनी कुणासाठी लिहिली, हे विचारलेले बरे.

१७९९च्या डिसेंबरात एक विलक्षण भेट झाली. लखनौचे विद्वान मिर्झा अबू तालिब खान युरोप पाहायला निघाले होते. त्यांचे जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल राहिलेले कॉर्नवॉलिस तेव्हा डब्लिनला राजप्रतिनिधी होते, त्यांना भेटायला मिर्झा निघाले. वाटेत कॉर्कला गॉडफ्री बेकरचा भाऊ विल्यम याच्याकडे ते गेले आणि तिथे त्यांना दीन महंमद भेटले. मिर्झांनी आपल्या फारसी प्रवासग्रंथात याची नोंद केली आहे: या माणसाने इथे शिक्षण घेतले, एका मुलीवर प्रेम बसून तिच्याशी पळून जाऊन लग्न केले, आता स्वतंत्र घर आहे, देखणी मुले आहेत, आणि आपल्या आयुष्यावर व हिंदुस्थानच्या चालीरीतींवर त्याने पुस्तक लिहिले आहे.

एवढेच. धर्म सोडला म्हणून धिक्कार नाही, उपदेशाचा डोस नाही. मिर्झा स्वतः पक्के मुसलमान. परतताना इस्तंबूल, बगदाद करत करबला आणि नजफच्या दर्ग्यांचे दर्शन घेऊन मुंबईमार्गे घरी गेले. एक परतला, एक परतला नाही. कॉर्कच्या त्या दिवाणखान्यात दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि एकाने दुसऱ्याचा संसार चांगला आहे एवढे लिहून ठेवले. आपल्याकडे इतक्या वर्षांनी गावाकडून आलेला पाहुणा आपले मराठी ऐकून आधी चुका काढतो, तेव्हा मला मिर्झांची आठवण होते.

सन १८०७च्या सुमारास दीन महंमद लंडनला गेले. १८१० साली पोर्टमन स्क्वेअरजवळ त्यांनी हिंदुस्थानी कॉफीगृह उघडले. वेताचे कोच, हुक्का, मसालेदार सागुती. हिंदी माणसाने चालवलेले इंग्लंडातले ते पहिले खाद्यगृह म्हणतात. १८१२मध्ये दिवाळे वाजले. पन्नाशी उलटलेली, पदरी लेकरे, आणि हाती शून्य. १८१४मध्ये ब्रायटनला जाऊन त्यांनी वाफेचे स्नान आणि चंपी सुरू केली. चंपीचाच इंग्रजांनी ‘शॅम्पू’ केला. आज आपण तो बाटलीत विकत घेतो. व्यवसाय इतका चालला की चौथे जॉर्ज आणि चौथे विल्यम या दोन राजांनी त्यांना आपले चंपीतज्ज्ञ नेमले. धंद्यासाठी त्यांनी नावापुढे शेख जोडले, आणि १८२२च्या पुस्तकात आपला जन्म दहा वर्षे मागे, १७४९ला नेला, म्हणजे मधल्या काळात वैद्यकी शिकल्याचे सांगता येईल. साधुसंत नव्हते ते. पोट भरायचे होते.

आयर्लंडशी इस्लामचे नाते मात्र तिथे संपले नाही. १८६१ ते १८९८ अवधचे मीर औलाद अली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी शिकवत होते. १९५९मध्ये डब्लिनला मुसलमान विद्यार्थ्यांनी पहिली इस्लामी संस्था काढली. त्यांत दक्षिण आफ्रिकेहून वैद्यकी शिकायला आलेली मुले होती. त्या देशातल्या हिंदी मुलांना वर्णभेदामुळे स्वतःच्या देशात डॉक्टर होण्याच्या वाटा अरुंद झालेल्या होत्या. नाताळच्या उसाच्या मळ्यांची गोष्ट आपल्या वाचकांना सांगायला नको. १९८३ साली त्या समाजाने डब्लिनच्या साउथ सर्क्युलर रोडवरचे एक जुने प्रेस्बिटेरियन चर्च घेऊन त्याची मशीद केली. ज्या देशात एका हिंदी मुसलमानाला लग्नासाठी चर्चच्या दारातून आत जावे लागले होते, तिथे दोनशे वर्षांनी एका चर्चच्या दारातून आत जाऊन लोक नमाज पढू लागले.

दीन महंमदांच्या एका नातवाने, फ्रेडरिक अकबर महंमद याने, लंडनच्या गाय्ज रुग्णालयात रक्तदाबावर महत्त्वाचे संशोधन केले. त्याच्या नावात अकबर राहिला. दुसरा नातू, जेम्स केरिमन महंमद, ब्रायटनला लागून असलेल्या होव्ह गावच्या चर्चचा पाद्री झाला. रविवारी प्रवचनाला उभा राहणारा पाद्री महंमद आडनावाचा, हे त्या गावाला चालले.

१८५०च्या डिसेंबरात जेन वारली. दोनच महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १८५१ला, दीन महंमदही गेले. ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात दोघांचा एक दगड आहे. त्यावर त्यांचे वय एकशे एक कोरले आहे. धंद्यासाठी वाढवलेली दहा वर्षे मरणानंतरही त्यांच्याबरोबर राहिली. पण त्याच दगडावर, ख्रिस्ती स्मशानात, चर्चच्या भिंतीजवळ, ते कुठले हेही कोरले आहे, आणि तिथे कॉर्क नाही, लंडन नाही, ब्रायटनही नाही. तिथे लिहिले आहे पाटणा.